व्हेनिस, तिचे शेजारी आणि मिठाची नाकेबंदी

बंदरावरची

बरेच दिवस लिहायचं मनात होतं, आज सुट्टी आहे म्हणून बसलेच. माझ्या आज्जीकडे पुतळ्यांची माळ होती. लहानपणी आम्हाला सांगायचे की त्या नाण्यांवर राम-सीता आहेत, आणि आम्ही भक्तिभावाने हात जोडायचो. कॉलेजात गेल्यावर कळलं की पुतळी हे मूळचं व्हेनिसचं सोन्याचं नाणं, डुकाट, आणि त्यावर गुडघे टेकून बसलाय तो तिथला दोजे, म्हणजे निवडून आलेला राज्यप्रमुख, आणि त्याला झेंडा देतोय तो संत मार्क. तेव्हापासून हे शहर डोक्यात जे बसलंय ते बसलंयच.

व्हेनिसबद्दल वाचायला घेतलं की मसाले, रेशीम, इस्तंबूल, अलेक्झांड्रिया असं सगळं लांबचं येतं. मला मात्र जास्त नवल वाटतं ते त्यांच्या घराशेजारच्या कारभाराचं. एक शहर, खाडीतल्या चिखलाच्या बेटांवर वसलेलं, शेतजमीन जवळजवळ शून्य, प्यायला पावसाचं पाणी साठवायचं, आणि भोवती मुख्य भूमीवर सगळे सरंजामदार, बिशप, मार्ग्रेव्ह (सीमाप्रांतांचे सरदार), गढ्या आणि घोडदळ घेऊन बसलेले. तरी पाचशे-सहाशे वर्षं हे शेजारी त्या शहराला टरकून होते.

एक प्रसंग सांगते. इस. 933. समोरच्या किनाऱ्यावर इस्त्रिया नावाचा द्वीपकल्प आहे (आजचा क्रोएशिया-स्लोव्हेनियाचा भाग), तिथे विंथर नावाचा मार्ग्रेव्ह होता. त्याने तिथल्या व्हेनिसकरांच्या जमिनी बळकावल्या, त्यांची जहाजं लुटली, त्यांचं देणं कोणी फेडायचं नाही असा हुकूम काढला. आता कुणालाही वाटेल की आरमार निघालं असणार. दोजे पिएत्रो कांदियानो दुसरा याने काय केलं तर त्याने फक्त व्यापार बंद केला. इस्त्रियात कोणी जायचं नाही, तिथलं कोणी यायचं नाही, मीठ नाही, माल नाही. बस्स. थोड्याच काळात इस्त्रियाचे लोक ग्रादोच्या पॅट्रिआर्ककडे (तिथल्या मोठ्या धर्मगुरूकडे) गेले की बाबा तुम्ही मध्ये पडा. 12 मार्च 933 ला रिआल्तोवर, म्हणजे व्हेनिसच्या मधल्या बेटावर, तह झाला आणि मार्ग्रेव्हने सगळं कबूल केलं, जमिनी परत, देणी फेडायची, बंदरावर नवे कर लावायचे नाहीत. आणि त्यातलं एक कलम तर मला फार आवडतं: उद्या मार्ग्रेव्हच्या राजाने व्हेनिसविरुद्ध काही हुकूम काढलाच, तर इस्त्रियाच्या लोकांनी व्हेनिसकरांना आधी खबर द्यायची, म्हणजे ते सुखरूप घरी पोचतील. विचार करा, राजाचा सरदार लिहून देतोय की राजाचा हुकूम आला तर आधी तुम्हाला सांगेन!

आता माझं म्हणणं मांडते. व्हेनिसचं मुख्य हत्यार ही बंदी होती, आणि ती बंदी चालायची मिठावर. शेजारी नुसता आडमुठेपणा करायचा तेव्हा बंदीवर भागायचं. पण ज्या दिवशी एखाद्या शेजाऱ्याने स्वतःचं मिठागर काढलं त्या दिवशी व्हेनिस तलवार काढायचं. पटत नसेल तर खोडून काढा, त्यासाठीच धागा काढलाय.

पोफळी

मस्त विषय! पुतळीचं माहीत नव्हतं, आमच्याकडे अजून आहे आईची माळ, आज संध्याकाळीच भिंग घेऊन बघते. वाखुसाआ (वाचनखूण साठवली आहे).

तांडेल

लेख आवडला पण ताई, एका उदाहरणावर एवढं मोठं विधान नको. 933 मध्ये इस्त्रिया नमलं ते व्हेनिसकडे जहाजं होती म्हणून. ताकद मागे उभी नसेल तर बंदीला कोण विचारतो? आणि आदल्याच वर्षाच्या सुमारास, 932 च्या आसपास, याच कांदियानोने कोमाक्यो हे शहर जाळून टाकलं होतं ना? इस्त्रियाच्या लोकांनी ते बघितलेलं असणार. म्हणजे बंदी ही पुढची पायरी, आधी धाक.

बंदरावरची

तांडेल, कोमाक्योचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मी मुद्दाम पहिल्या पोस्टमध्ये घेतला नाही कारण तो माझ्याच बाजूचा आहे :) कोमाक्यो काय होतं बघा. पो नदीच्या मुखाजवळचं गाव, आणि धंदा मिठाचा. आठव्या शतकात, उत्तर इटलीच्या लोंबार्ड राजांच्या काळात, पो नदीने वर मीठ घेऊन जाणाऱ्या होड्या कोमाक्योच्या होत्या, नाक्या-नाक्यावर जकात सुद्धा मिठात भरत होते. म्हणजे व्हेनिसचा सगळ्यात जवळचा मिठातला स्पर्धक. आणि जाळलं कोणाला? त्यालाच. इस्त्रियाला जाळलं नाही, पाच मैलांवरच्या मिठागरवाल्याला जाळलं (पाच मैल हे म्हणायचं म्हणून, अंतर बरंच जास्त आहे).

बंदीची अजून उदाहरणं देते. 880 ला अक्विलेयाचा पॅट्रिआर्क वाल्पर्ट, ग्रादोच्या चर्चवर हक्क सांगत होता, दोजे ओर्सोने त्याच्या बंदराचा व्यापार बंद केला, मग त्याला बंदर परत सुरू करून घ्यायला दोजेच्या अटी मान्य कराव्या लागल्या, त्यात दोजेच्या स्वतःच्या मालाला जकात माफ हे पण आलं. पुढे 996 च्या नंतर बेल्लुनोचा बिशप जोव्हान्नी, हा डोंगरातला माणूस, त्याने व्हेनिसच्या हद्दीतली जमीन दाबली. सम्राट ओत्तो तिसरा याने परत दे म्हणून सांगितलं तरी ऐकेना. सम्राटाचं ऐकत नाही म्हटल्यावर दोजे पिएत्रो ओर्सेओलो दुसरा याने त्या सगळ्या पट्ट्याशी व्यापार बंद केला. मीठ वर जाईना, आणि त्यांचा माल खाली विकला जाईना. बिशप नमला. डोंगरात बसलेल्या बिशपवर जहाज कसं नेणार सांगा? तिथे आरमाराचा धाक काय कामाचा? तिथे मिठाचाच धाक.

मिठागर

मी सहसा नुसता वाचतो, पण आज मिठाचा विषय निघालाय म्हणून लिहितो. आमचं घर उरणकडचं, आजोबांची आणि त्यांच्या वडिलांची हयात आगरावर गेली. एवढं मीठ मीठ काय असं शहरात वाढलेल्यांना वाटतं कारण ते स्वस्तात पिशवीत मिळतं. फ्रीज नसलेल्या जगात मीठ म्हणजे मांस, मासे, चीज, लोणी टिकवायचं मुख्य साधन. गुरांना पण लागतं. युरोपात हिवाळ्याआधी डुकरं मारून खारवून ठेवायची पद्धत, मीठ नसेल तर ते मांस सडणार आणि फेब्रुवारीत घरात खायला काही नसणार. म्हणून मिठाची बंदी शरदात लागली की माणूस लगेच गुडघ्यावर येतो.

दुसरं म्हणजे मीठ पिकवणं दिसतं तेवढं सोपं नाही. समुद्राचं पाणी भरतीला आत घ्यायचं, एका कोंडीतून दुसऱ्या कोंडीत फिरवत फिरवत दाट करायचं, मग शेवटच्या वाफ्यात ते पडतं, तळ चोपून चोपून सिमेंटसारखा केलेला लागतो नाहीतर मीठ काळं निघतं. आणि ऐन सीझनला एक अवकाळी पाऊस पडला की महिन्याची मेहनत विरघळून खाडीत. आमच्याकडे निदान आठ महिने कोरडे असतात. व्हेनिसकडे, एड्रियाटिक समुद्राच्या उत्तर टोकाला, उन्हाळ्यात सुद्धा पाऊस पडतो. म्हणजे तिथे मिठागर चालवणं म्हणजे दरवर्षी जुगार. म्हणून मला वाटतं व्हेनिसची खरी युक्ती ही की फक्त स्वतःच्या खाडीतल्या मिठावर अवलंबून राहायचं नाही.

नाणेघाट

मिठागर, तुमचा शेवटचा मुद्दा एकदम बरोबर. व्हेनिसचं स्वतःचं मीठ त्यांच्याच खाडीतल्या किओज्जाला पिकायचं, पण ते पुरायचं नाही. 1281 ला त्यांनी नियम केला की बाहेरून माल घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याने सोबत मीठ आणलंच पाहिजे, आणि ते मीठ सरकार ठरलेल्या दराने घेणार. मग सायप्रस, इबिझा, ट्युनिशिया, क्रिमिया कुठून कुठून मीठ यायला लागलं. परतीच्या जहाजाला तळाला वजन लागतंच, तिथे दगड भरण्यापेक्षा मीठ भरलं. सरकारचं स्वतंत्र मीठखातं होतं आणि त्या खात्याच्या पैशातून कर्ज फेडणं, राजवाड्याची कामं, रिआल्तोची कामं हे सगळं व्हायचं.

आणि पुतळीबद्दल थोडं, कारण माझा छंद तोच. डुकाट पाडायचा निर्णय 1284 चा, दोजे जोव्हान्नी दांदोलोच्या वेळचा. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोनं त्या काळच्या कौशल्यात जितकं शुद्ध करता येईल तितकं. एका बाजूला संत मार्क आणि गुडघे टेकलेला दोजे, दुसऱ्या बाजूला लंबगोलात चांदण्यांमध्ये उभा येशू. 1797 ला प्रजासत्ताक संपेपर्यंत हे चित्र बदललंच नाही, फक्त दोजेचं नाव बदलायचं. इजिप्त, तांबडा समुद्र करत ही नाणी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर उतरायची कारण आपल्याकडून मिरी-कापड जायचं आणि त्यांच्याकडून घेण्यासारखं सोन्याशिवाय फारसं काही नव्हतं. आपल्याकडे त्याच्या नकला पण खूप पाडल्या गेल्या, म्हणून पोफळीताई भिंगाने बघाल तेव्हा अक्षरं वाचता येतात का ते बघा, नकलेत अक्षरांच्या नुसत्या रेघा झालेल्या असतात.

पोफळी

बघितलं! रेघाच आहेत :) तरी आईची माळ ती आईची माळ. माझा प्रश्न असा की शेजाऱ्यांनी दुसरीकडून माल का नाही घेतला? समुद्र काही व्हेनिसच्या मालकीचा नव्हता ना. आन्कोना, रावेन्ना ही बंदरं होती, पलीकडच्या किनाऱ्यावर राग्युसा (आजचं दुब्रोव्हनिक).

बंदरावरची

पोफळी, हा प्रश्न अगदी कळीचा आहे. व्हेनिसचं म्हणणं असं होतं की समुद्र त्यांच्या मालकीचाच आहे. एड्रियाटिकला ते 'आमचं आखात' म्हणायचे, दरवर्षी असेन्शनच्या दिवशी (येशूच्या स्वर्गारोहणाच्या सणाला) दोजे सोन्याने मढवलेल्या नावेतून जाऊन समुद्रात अंगठी टाकायचा आणि समुद्राशी लग्न लावायचा. तो समारंभ दिसायला गोड आहे पण त्याचा कायदेशीर अर्थ कडक होता, नवऱ्याच्या परवानगीशिवाय या पाण्यात कोणी हिंडायचं नाही.

आणि यासाठी त्यांनी नद्यांची तोंडं धरली. उत्तर इटलीचा नकाशा बघा, पो, आदिजे, ब्रेंता या सगळ्या नद्या वरच्या मोठमोठ्या शहरांमधून येतात आणि व्हेनिसच्या आजूबाजूलाच समुद्राला मिळतात. मुख धरलं की आत मिलानपर्यंत सगळ्यांची मुंडी हातात.

यातला सगळ्यात दुर्दैवी शेजारी फेरारा. पोच्या काठावरचं भरभराटीचं जत्रेचं शहर. 1240 ला व्हेनिसने पोपचा प्रतिनिधी आणि एस्ते घराण्याचा आत्सो सातवा यांच्याबरोबर मिळून फेराराला वेढा घातला, दोजे याकोपो तिएपोलो स्वतः गेला होता. शहर साल्लिंग्वेर्रा तोरेल्ली नावाच्या म्हाताऱ्या सरदाराकडे होतं, तो पकडला गेला आणि व्हेनिसच्या कैदेतच मेला. शहर एस्ते घराण्याला मिळालं आणि त्या मदतीची किंमत म्हणून असं ठरलं की समुद्रातून फेराराला जो माल येईल तो सगळा व्हेनिसमधूनच आला पाहिजे. हे नीट वाचा. माल कुठूनही निघू दे, आधी व्हेनिसला उतरायचा, तिथे जकात भरायची, तिथल्या दलालाने हात लावायचा, मग वर फेराराला. शिवाय हे नीट पाळलं जातंय की नाही बघायला व्हेनिसचा एक अधिकारी फेरारातच बसायचा, त्याला विस्दोमिनो म्हणायचे. सरदाराच्या राजधानीत दुसऱ्या राज्याचा जकात अधिकारी, स्वतःचं न्यायालय घेऊन! रावेन्नाबरोबर तर त्याआधीच, 1234 ला असा करार झाला होता की त्यांनी त्यांचं मीठ आणि धान्य व्हेनिसलाच द्यायचं.

तांडेल

धान्य! इथेच तुमच्या सिद्धांताला भोक आहे. व्हेनिसची स्वतःची दुखरी नस धान्य होती, आणि शेजाऱ्यांना ते पक्कं माहीत होतं. 1268 ते 70 च्या दरम्यान दुष्काळ पडला, दोजे लोरेन्झो तिएपोलोच्या वेळी, व्हेनिसने पाडुआ, त्रेव्हीझो वगैरे शेजाऱ्यांकडे धान्य मागितलं आणि त्यांनी दिलं नाही. वर्षानुवर्षं आमच्याकडून मीठ घेता आणि आमच्या पोरांना भाकरी नाही देत, असा राग शहरात उसळला. म्हणजे बंदीचं हत्यार दोन्हीकडे होतं, एकाकडे मीठ, दुसऱ्याकडे गहू.

आणि मग व्हेनिसने काय केलं, तर आखाताच्या उत्तर भागात येणाऱ्या प्रत्येक जहाजावर जकात बसवली आणि गस्त वाढवली. बोलोन्या शहराने त्यावर युद्ध केलं, 1270 ते 73. बोलोन्याला धान्य पण हवं, मीठ पण हवं, आणि रावेन्नावरून थेट रस्ता हवा. पोच्या दक्षिणेकडच्या शाखेच्या मुखावर व्हेनिसचा मार्काबो नावाचा किल्ला होता, तो म्हणजे नाकात घातलेली वेसणच. तहात बोलोन्याला स्वतःचा किल्ला पाडावा लागला, मार्काबो मात्र तसाच राहिला. थोडीफार सवलत मिळाली म्हणा.

तर माझं म्हणणं: युद्ध फक्त मिठागरावरून झालं नाही, वाटेवरून झालं. कोण कुठल्या वाटेने माल नेणार हा खरा वाद.

बंदरावरची

तांडेल, वाटेचा मुद्दा मी मान्य करते. माझ्या सिद्धांतात एवढी दुरुस्ती करते: शेजाऱ्याने स्वतःचं मीठ काढलं किंवा मिठाची स्वतंत्र वाट काढली, की युद्ध.

आता पाडुआ बघा. 1304, पाडुआने खाडीच्या कडेला स्वतःची मिठागरं घातली. व्हेनिसने चढाई केली, तहात मिठागरं मोडायची कबुली घेतली. नंतर व्हेरोनाचा मास्तिनो देल्ला स्काला. हे प्रकरण फार मोठं आहे कारण हा साधा शेजारी नव्हता, व्हेरोना, व्हिचेन्झा, पाडुआ, त्रेव्हीझो, बेल्लुनो, पार्मा, 1335 ला लुक्का, एवढं सगळं त्याच्या हातात. त्याने पोवर ओस्तिल्याला नाका बसवून व्हेनिसच्या मालावर जकात घ्यायला सुरुवात केली, आणि खाडीजवळ मिठागर घालून त्याच्या राखणीला गढी बांधली. व्हेनिसने आधी नेहमीचं केलं, माल बंद, मीठ बंद. पण या वेळी पुरलं नाही, कारण याच्याकडे आता स्वतःचं मीठ होतं आणि भलं मोठं राज्य होतं. मग 1336 ला फ्लोरेन्सशी युती करून युद्ध. सुरुवातीच्याच मोहिमेत ती मिठागराची गढी घेतली. 1337 च्या ऑगस्टमध्ये पाडुआ तिथल्याच मार्सिल्यो दा कार्रारा या सरदाराने आतून उघडून दिलं, आणि जानेवारी 1339 च्या तहात व्हेनिसला त्रेव्हीझो मिळालं, मुख्य भूमीवरचा त्यांचा पहिला मोठा मुलूख.

हे मला फार महत्त्वाचं वाटतं. खाडीत राहणारे, आम्हाला जमीन नको म्हणणारे लोक जमिनीवर आले ते मिठाच्या पायी.

खारीमुरी

इतका छान धागा बऱ्याच दिवसांनी वाचतेय. मी दोन वर्षं मिलानला होते, व्हेनिसला गेले तेव्हा झात्तेरेच्या धक्क्यावर ती जुनी मिठाची कोठारं बघितली, एका ओळीत लांबच लांब विटांची गोदामं, मोठे मोठे दरवाजे, आता आत चित्रांची प्रदर्शनं भरतात. सगळे लोक सान मार्को चौकात गर्दी करतात आणि इथे कुत्रं नव्हतं. मी पाणी बघत तासभर बसले होते. तेव्हा हे सगळं माहीत असतं तर अजून बसले असते.

व्हेनिसवर कधी कोणी अशी बंदी घातली का?

नाणेघाट

घातली, आणि तीही फेरारावरूनच. 1308 च्या जानेवारीत फेराराचा आत्सो आठवा मेला, त्याचा अनौरस मुलगा फ्रेस्को आणि भाऊ फ्रांचेस्को यांच्यात भांडण. व्हेनिसने फ्रेस्कोची बाजू घेऊन कास्तेल तेदाल्दो हा पुलावरचा किल्ला ताब्यात घेतला. पण फेराराचा वरचा मालक म्हणजे पोप, आणि पोप क्लेमेंट पाचवा भडकला. 27 मार्च 1309 ला त्याने व्हेनिसला धर्मबाह्य ठरवलं. साधं बहिष्काराचं पत्रक समजू नका, व्हेनिसकरांशी केलेले करार रद्द, त्यांचा माल कोणीही जप्त करावा, त्यांना पकडून गुलाम करावं, आणि वर त्यांच्याविरुद्ध क्रुसेड, म्हणजे धर्मयुद्ध. परदेशातल्या बंदरांत त्यांच्या वखारी लुटल्या गेल्या. जे शहर चारशे वर्षं दुसऱ्यांची बंदरं बंद करत होतं त्याच्यासाठी सगळी बंदरं बंद झाली. उन्हाळ्याच्या अखेरीस कास्तेल तेदाल्दो पडला, आतल्या लोकांची कत्तल झाली. मार्काबो पण त्याच वर्षी उद्ध्वस्त झाला. चर्चची बंदी पूर्ण उठायला 1313 उजाडलं.

आणि याचे पडसाद घरात उमटले. 15 जून 1310 ला बायामोन्ते तिएपोलो नावाच्या उमरावाने बंड केलं, फेराराच्या युद्धावरचा राग हे त्यामागचं मोठं कारण. बंडवाले गल्लीतून चालले असताना एका म्हाताऱ्या बाईने खिडकीतून दगडी खल खाली टाकला, तो झेंडेवाल्याच्या डोक्यात बसला आणि तो जागीच गेला, झेंडा पडला, गोंधळ उडाला. सरकारने बक्षीस काय हवं विचारलं तर तिने मागितलं काय, सणावारी खिडकीत सान मार्कोचा झेंडा लावायची परवानगी आणि घरभाडं कधी वाढवू नये. त्या बंडानंतर जी दहा जणांची समिती नेमली ती पुढे शेवटपर्यंत टिकली.

मिठागर

खलबत्त्याचा खल! आमच्या आजीने पण हेच केलं असतं.

एक विचारायचं होतं. आपल्याकडे शिवाजी महाराजांनी बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवली होती ना, ते याच्याशी जुळतं का?

तांडेल

हो, 1671 चं कुडाळच्या सुभेदाराला, नरहरी आनंदरावांना लिहिलेलं पत्र आहे. बारदेशात, म्हणजे पोर्तुगीजांच्या मुलखात मीठ स्वस्त, व्यापारी सगळे तिकडे वळतात आणि आपल्या संगमेश्वराकडच्या मिठाला गिऱ्हाईक राहत नाही, म्हणून बारदेशच्या मिठावर एवढी जकात ठेवा की ते आपल्यापेक्षा महाग पडेल, असा आशय. पण मला विचाराल तर तुलना व्हेनिसशी करू नये. व्हेनिसशी तुलना करायची तर पोर्तुगीजांची करा, अरबी समुद्रात आमचा कारताझ (परवाना) घेतल्याशिवाय कोणाचं जहाज फिरणार नाही, आमच्या बंदराला येऊन जकात भरा, हे सगळं आखातवाल्यांच्या जातकुळीचं. महाराज इथे पाडुआच्या जागी आहेत. स्वतःचं मिठागर जगवायचंय, आणि समोर समुद्र धरून बसलेला बलाढ्य शेजारी. फरक एवढाच की पाडुआला मिठागर मोडावं लागलं.

बंदरावरची

तांडेल, ही तुलना फारच नेमकी आहे, माझ्या डोक्यात कधी आली नव्हती. पाडुआकडे मी आत्तापर्यंत व्हेनिसच्या नजरेनेच बघत होते. मिठागर घालणं हा त्यांच्या बाजूने साधा पोटाचा प्रश्न होता.

पाडुआचं पुढे काय झालं तेही सांगून टाकते. 1378 ला पाडुआचा सत्ताधीश फ्रांचेस्को दा कार्रारा, हंगेरीचा राजा, अक्विलेयाचा पॅट्रिआर्क आणि व्हेनिसचं प्रतिस्पर्धी बंदर जेनोआ, म्हणजे आत्तापर्यंत ज्यांची ज्यांची तोंडं दाबली होती ते सगळे एकत्र आले. जेनोआच्या आरमाराने 1379 ला किओज्जा घेतलं, म्हणजे थेट व्हेनिसचं मिठागर घेतलं, आणि जमिनीकडून कार्राराने धान्य अडवलं. व्हेनिसला स्वतःच्या खाडीत कोंडून उपाशी मारायचा बेत. मग डिसेंबरात व्हेनिसचा सेनानी वेत्तोर पिसानी याने रात्री दगड भरलेली जहाजं खाडीच्या वाटांमध्ये बुडवून जेनोआवाल्यांनाच किओज्जात कोंडलं, जानेवारीत व्हेनिसच्याच कार्लो झेनोचं आरमार परत आलं, आणि जून 1380 मध्ये जेनोआवाले शरण आले. भुकेने.

1381 ला तूरिनचा तह झाला. त्यात हंगेरीच्या राजाला दालमात्सियाचा (आजच्या क्रोएशियातला) किनारा राहिला, तिथे पाग बेटावर उत्तम मीठ पिकायचं. व्हेनिसने काय मागितलं? किनारा तुमच्याकडे ठेवा, फक्त मिठाच्या व्यापारात पडू नका. त्याबदल्यात वर्षाला 7000 डुकाट देतो. सगळं गमावून बसलेलं, तिजोरी रिकामी झालेलं शहर दरवर्षी सात हजार पुतळ्या मोजायला तयार होतं, कशासाठी, तर समोरच्याने मीठ विकू नये म्हणून.

खारीमुरी

अंगावर काटा आला. फेराराचं पुढे? तो विस्दोमिनो तसाच बसून राहिला का?

बंदरावरची

राहिला, मध्ये खंड पडत पडत का होईना. एस्ते घराण्याला ते कायम खुपत होतं. एर्कोले पहिला याने कोमाक्योत परत मीठ काढायला घेतलं, हो, तेच 932 मध्ये जाळलेलं कोमाक्यो. वर विस्दोमिनोने कर्जापायी एका पाद्रीला तुरुंगात टाकलं आणि बिशपच्या माणसाने विस्दोमिनोलाच धर्मबाह्य केलं, अशी ठिणगी पडली. 1482 ला युद्ध, सुरुवातीला पोप सिक्स्तुस चौथा व्हेनिसच्या बाजूने, मग पलटला आणि त्याने व्हेनिसवरच चर्चची बंदी घातली. ऑगस्ट 1484 ला बान्योलोचा तह, त्यात व्हेनिसला रोव्हिगो आणि पोलेसिनेचा पट्टा मिळाला.

तांडेल

म्हणजे तुमचा सिद्धांत इथेही बसला. मी माझा आक्षेप अर्धा मागे घेतो. वाटेचा अर्धा ठेवतो.

शेवट मी सांगू का? एर्कोलेचा मुलगा आल्फोन्सो, तोफा ओतायची प्रचंड हौस, स्वतः कारखान्यात उभा राहायचा. 1509 ला सगळा युरोप व्हेनिसवर तुटून पडला तेव्हा त्याने पहिलं काम केलं ते विस्दोमिनोला फेरारातून हाकलायचं. व्हेनिसने चिडून पोमधून गलबतांचा मोठा ताफा वर पाठवला, आणि 22 डिसेंबर 1509 ला पोलेसेल्लापाशी फेराराच्या तोफांनी काठावरून तो ताफा फोडला. नदीला पाणी चढलेलं होतं, गलबतं बांधाच्या उंचीला आली होती, तोफा सरळ कुशीत लागल्या. साडेपाचशे वर्षांत या शेजाऱ्यांनी नदीवर एवढा मोठा सूड घेतला नव्हता.

नाणेघाट

आणि लगेच फेब्रुवारी 1510 मध्ये पोप जूलियस दुसरा याच्याशी तह करताना व्हेनिसने लिहून दिलं की फेरारात विस्दोमिनो नेमणार नाही, आणि पोपच्या प्रजेला एड्रियाटिकमध्ये जकात न देता फिरता येईल. रोममध्ये व्हेनिसचे वकील गुडघे टेकून होते. इकडे व्हेनिसमध्ये त्या दहांच्या समितीने बंद दाराआड ठराव करून ठेवला की हा तह जबरदस्तीने करून घेतलाय, त्यामुळे तो आम्हाला लागू नाही.